सोन्याआधी घर



आपल्या घरांत कर्जाचा विषय निघाला की कर्ता पुरुष एक वाक्य ठासून बोलतो : "काहीही करू, पण घर विकायचं नाही." सगळे मान हलवतात, सासूबाई डोळे पुसतात आणि विषय संपतो. त्यातल्या "काहीही"चा अर्थ मात्र कुणी विचारत नाही. तुमच्या पाटल्या, बांगड्या, माहेरहून आलेला हार, मुलीच्या नावची एफडी, भिशीचा पहिला नंबर, भावाकडून हातउसने आणलेले दोन लाख आणि शेवटी बाजारातल्या कुणाकडून तरी शेकडा दोन रुपयांनी उचललेले पैसे, एवढं सगळं त्या एका शब्दात बसतं. घर शाबूत ठेवायला घरातली बाई आधी रिकामी होते.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. कर्ज पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून फिटणार नसेल, तर सोन्याला हात लावायच्या आधी घर विकायला काढा. वेळेवर, स्वतःच्या हाताने आणि भाव करून विका. काहींना हे टोचेल, टोचू दे.

घराची किंमत मला कळत नाही असं समजू नका. आपल्या पूनम सागरमध्ये कितीतरी कुटुंबं काळबादेवी-भुलेश्वरच्या खोल्यांतून किंवा थेट सांगली-कोल्हापूरकडून आली. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं दार, पहिलं स्वतःचं संडास-न्हाणीघर त्यांना इथेच मिळालं. लाइटबिलावर आपलं नाव पहिल्यांदा छापून आलं तो दिवस बायका विसरत नाहीत. त्यामुळे "त्या काय भिंतीच आहेत" असलं कोरडं तत्त्वज्ञान मी सांगणार नाही. पण भिंतींवर माया असणं ही एक गोष्ट आणि लोकांचे पैसे बुडवून त्या भिंती उभ्या ठेवणं ही दुसरी.

आधी हिशेब करू. वहीत आकडे मांडायला आपण घाबरतो आणि तिथेच निम्मी फसवणूक होते. समजा वन बीएचके ६० लाखांना जातो. त्यावर बँकेचं २० लाखांचं कर्ज आहे, वर्षाला ११ टक्क्यांनी. शिवाय बाजारातून महिना २ टक्क्यांनी उचललेले १५ लाख. बँकेचं व्याज महिन्याला १८ हजारांच्या पुढे आणि बाजाराचं ३० हजार, म्हणजे नुसतं व्याजच ४८ हजार, मुद्दल जिथल्या तिथे. तीन वर्षं "बघू, धंदा उचलेल" म्हणत काढली की १७ लाखांवर रक्कम व्याजातच गेली. तेवढ्याच आकाराची जागा भाड्याने घ्यायला महिन्याला याच्या निम्मंही लागत नाही. आपण समजतो की आपण फुकट स्वतःच्या घरात राहतो. खरं तर ४८ हजार भाडं भरतो, फक्त घरमालकाचं नाव वेगळं असतं.

"थांबा, मेट्रो ९ होतेय, भाव वाढेल" किंवा "इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे" हे जिन्याजिन्यात ऐकू येतं. वाढेलही भाव. पण महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. कुठली मेट्रो दरवर्षी चोवीस टक्क्यांनी भाव वाढवते ते मला दाखवा. रीडेव्हलपमेंटचं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहा थंड होईपर्यंतही एकमत होत नाही. आणि गहाण घराचे कागद बँकेत असताना तिथेही बँकेची परवानगी आडवी येतेच.

आता धर्माचं. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात (श्वेतांबर भगिनी उमास्वाती म्हणतात) परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, तिच्यातल्या मूर्च्छेवरून, आसक्तीवरून केली आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. त्याच सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार येतात. तिथला क्रम कधी नीट पाहिलात? आधी क्षेत्र, मग वास्तू, आणि सोनं-चांदी त्यानंतर. मर्यादा घालायच्या यादीत घर सोन्याच्या आधी आलं आहे. आचार्यांनी त्या क्रमातून काही सुचवलं असा माझा दावा नाही. पण आपल्या घरांनी ती यादी उलटी का केली, याचं उत्तर मला शास्त्रात सापडत नाही, सातबाऱ्यात आणि शेअर सर्टिफिकेटवर सापडतं. घर त्याच्या नावावर असतं आणि सोनं तिच्या अंगावर. म्हणून आसक्ती सोडायची पाळी आधी तिची येते.

हे म्हटलं की कुणीतरी लगेच लक्ष्मीबाईंचं नाव घेतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी, आपल्या समाजाच्या. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. त्यांच्यापुढे डोकं टेकवावंच. पण त्यांचं नाव कशासाठी वापरलं जातंय ते बघा. त्यांनी सोनं दिलं ते जातीपातीपलीकडच्या गरीब मुलांच्या भाकरीसाठी. नवऱ्याचा मालकीचा फ्लॅट लोकांच्या नजरेत टिकावा म्हणून दिलं नाही. लक्ष्मीबाईंचा त्याग पुढे करून सुनेच्या बांगड्या उतरवून घेणाऱ्याने आधी स्वतःच्या नावावरचं काय सोडलं ते सांगावं.

श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात चांगल्या गृहस्थाचे ३५ गुण दिले आहेत. पहिला न्यायाने मिळवलेल्या धनाचा. मिळकत पाहून खर्च करावा हाही त्यातला एक गुण. आणि घराबद्दलही त्यात आहे : शेजार चांगला असावा, जागा फार उघडी नको की फार आडोशाची नको, दारं फार नकोत. घर स्वतःच्या मालकीचं असावं अशी अट मला त्यात दिसली नाही. चांगला शेजार भाड्याच्या घरालाही मिळतो.

अचौर्य व्रताकडे तर आपण बघतही नाही. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात हात घालणं एवढाच अर्थ आपण ठेवला आहे. कापडवाल्याचे चार लाख दोन वर्षं थकवायचे, त्याचा फोन आला की मुलाला "पप्पा बाथरूममध्ये आहेत" म्हणायला शिकवायचं, आणि स्वतः मालकीच्या घरात एसी लावून झोपायचं, हे काय आहे? भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतला छोटा माल देणारा ह्याच उधारीवर बसतो. त्याच्याही घरी कुणाच्या तरी बांगड्या आहेत.

बँकेचे पैसे म्हणजे कुणाचेच नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी पीएमसी बँक आठवावी. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे, बँकेच्या कर्जांचा ७० टक्क्यांहून मोठा भाग अडकला होता. २०२२ च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, पण मोठ्या ठेवींची उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने १० वर्षांत मिळायची असं ठरलं. आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या म्हाताऱ्या बायका तेव्हा बँकेच्या शटरपुढे उभ्या होत्या. आपलं कर्ज त्यापुढे किरकोळ आहे, मान्य. पण बँकेत जो पैसा असतो तो कुणीतरी ठेवलेलाच असतो.

लोक काय म्हणतील? म्हणतात, आणि इथे मी आपल्याच समाजाला जबाबदार धरते. घर विकून सगळ्यांची पै न पै चुकती करणारा माणूस भाड्याच्या जागेत गेला की त्याच्या मुलीच्या बायोडेटातून "स्वतःचा फ्लॅट" जातो आणि स्थळं यायची थांबतात. आणि दहा जणांना थकवून बसलेला दशलक्षणात सगळ्यात वरची बोली लावतो, हार घालून घेतो, त्याचं नाव पाटीवर कोरलं जातं. बोली लावण्याआधी "शेठ, बाजारातलं देणं चुकतं झालंय का" असं विचारायची एकाही विश्वस्ताची छाती होत नाही. आपण बायकाही त्याच पंगतीत जेवतो आणि परतताना भाड्याच्या घरात गेलेल्या वहिनींबद्दल कुजबुजतो. स्थळ बघताना "घर मालकीचं का" याच्या आधी "देणं किती" हे विचारायला लागलो तर निम्म्या पोरी वाचतील.

वेळेचं मी वर म्हटलं, त्यामागे कायदा आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्यानंतर बँक न्यायालयात न जाता ताबा घेऊन लिलाव करू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं, त्यामुळे "आपली सहकारी बँक आहे, सांभाळून घेईल" यावर विसंबू नका. पैसे भरून घर सोडवायचा हक्कही शेवटपर्यंत राहत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तो संपतो आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नोटिसा पुरुष खिशात ठेवतात आणि घरात बाईला कळतं ते दारावर कागद चिकटल्यावर. लिलावात घेणारा स्वस्तात घ्यायलाच आलेला असतो. म्हणून पहिली नोटीस यायच्या आधी, गिऱ्हाईक तुम्ही निवडाल तेव्हा विका.

बाजारातल्या पैशाबद्दल एवढंच सांगते की महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. धमकीला घाबरून रात्रीत साठेखत करून देऊ नका.

विकताना कर विसरू नका. इथे भलेभले चुकतात. घर विकून आलेले पैसे कर्ज फेडण्यात गेले म्हणून नफ्यावरचा कर माफ होत नाही. त्या नफ्यातून दुसरं घर घेतलं तर सवलत मिळते. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के लागतात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर महागाई वजा करून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, सी.ए. दोन्ही मांडून देईल. कराचे पैसे बाजूला ठेवूनच देणेकऱ्यांना वाटा, नाहीतर पुढच्या वर्षी नवं कर्ज. सोसायटीने ट्रान्स्फरसाठी अवाच्या सवा मागितले तर २५ हजारांची कमाल मर्यादा आहे हे हसत हसत सांगा.

घर सासरेबुवांच्या काळचं असेल तर नणंदांचाही हक्क बघा. चहाला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि कशासाठी ते सांगितलंच नाही, असं करू नका. उद्या तेच तुमच्या मुलीला तिचे भाऊ करतील.

सासूबाईंचं मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. ऐंशीव्या वर्षी ज्यांचं सामायिक, ज्यांचा देव्हारा, ज्यांची संध्याकाळची गॅलरी सगळं एका जागी रुजलंय त्यांना उठवणं क्रूरच आहे. जमेल तेवढं करा : भाड्याची जागा त्याच गल्लीत, देरासर चालत जाता येईल अशी बघा. त्यांच्यापासून लपवू नका. त्यांनी आपल्यापेक्षा जास्त घरं बदलली आहेत.

आणि एक अट, जिच्याशिवाय वरचं सगळं मी मागे घेते. घर विकायचं ते देणं फेडायला, धंद्यात "शेवटचा एक डाव" लावायला नाही. "घर विकू, थोडं फेडू आणि उरलेलं दुकानात घालू" असा प्रस्ताव आला तर सही करू नका, मग मोठे दीर येवोत की समाजाचे अध्यक्ष. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही मागतात ती शोभेसाठी नसते. ती केली की वसुलीवाला तुमच्याही दारी येतो. साठेखताच्या आधी देणेकऱ्यांची नावं आणि रकमा एका कागदावर सगळ्यांसमोर लिहून घ्या, बाजारातलीसुद्धा. चेक थेट त्यांच्या नावाने काढायला लावा. प्रत्येकाकडून पोहोच आणि बँकेकडून नो-ड्यूज घ्या, मूळ कागद परत मागून घ्या. उरलेली रक्कम तुमच्या नावावर ठेवा. पुढे कधी लहानसं घर घेतलंत तर ते बाईच्या नावावर घ्या, महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बांगड्या तोवर हातात राहू द्या.