रूळ तीन मापांचे, तिकीट एक

परगावी गेलेला माणूस तिथली देवळे, राजवाडे आणि बाजार पाहून त्या गावाबद्दल मत बनवतो. रेल्वेत आणि टपालात हयात घालवलेल्या आपल्यासारख्यांची नजर मात्र दुसरीकडेच जाते. गाडी वेळेवर आली का, तिकिटासाठी किती रांग लागली, म्हातारे माणूस बसमध्ये कसे चढते आणि हा सगळा गाडा ओढणारी माणसे कोण, हे आपण आधी पाहतो. मागच्या वर्षी कामगार प्रतिनिधी म्हणून स्पेनमधील बार्सिलोना या समुद्रकाठच्या शहरात चार दिवस राहण्याचा योग आला. भाषा येत नव्हती, खिशात मोजके पैसे होते, तरी एकदाही टॅक्सी करावी लागली नाही. तेव्हापासून माझे स्पष्ट मत झाले आहे की, परक्या माणसाला शहरात बिनघोर फिरता येणे ही कोणा सरकारची मेहेरबानी नाही. त्यामागे कामगारांनी आणि प्रवाशांनी दिलेले लढे आहेत.

आधी व्यवहाराचे सांगतो. मेट्रो आणि शहरातील बस महानगराच्या मालकीची टीएमबी ही संस्था चालवते. काही लोकल मार्ग कातालोनिया प्रांताच्या एफजीसी या सरकारी कंपनीकडे आहेत, बाकीच्या लोकल स्पेनची राष्ट्रीय रेल्वे ‘रेन्फे’ चालवते आणि ट्राम ठेक्यावर दिलेली आहे. एवढे मालक असूनही २००१ पासून सर्वांचे मिळून एकत्रित तिकीट चालते. ‘टी-कॅज्युअल’ नावाचे दहा फेऱ्यांचे तिकीट सुमारे पाच सुट्या तिकिटांच्या पैशात मिळते. शहराच्या हद्दीत सव्वा तासाच्या आत मेट्रोतून बसमध्ये आणि बसमधून लोकलमध्ये बदल केला, तरी एकच फेरी धरली जाते. हे तिकीट एकट्याने वापरायचे असते, दोघांत चालत नाही. विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवरही ते चालत नाही, पण विमानतळाहून सुटणाऱ्या लोकल गाडीत चालते. जाणत्याने लोकलच धरावी. आणि गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. खिसेकापूंच्या बाबतीत ते शहर आपल्या दादर स्टेशनच्या तोडीचे आहे.

आता आपल्या ट्रॅकवरच्या साथींसाठी एक गंमत. मेट्रोची पहिल्या क्रमांकाची लाइन १६७४ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावते. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, म्हणजे फरक अवघा दोन मिलिमीटरचा! मेट्रोच्या इतर बहुतेक लाइनी १४३५ च्या स्टँडर्ड गेजवर आहेत, तर आठव्या क्रमांकाची लाइन चक्क मीटरगेज आहे. रूळ तीन मापांचे, कारभार तीन-चार जणांचा, पण प्रवाशाच्या हातात तिकीट एक. खात्यांची आपापसातली भांडणे प्रवाशाच्या डोक्यावर लादायची नाहीत, एवढे ठरवले की मार्ग निघतो, तो असा. समुद्राच्या कडेकडेने मातारोला जाणारी लोकलही चुकवू नये. २८ ऑक्टोबर १८४८ रोजी या मार्गावर स्पेनच्या भूमीवरील पहिली आगगाडी धावली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर साडेचार वर्षांनी सुटली.

सगळेच गोड आहे असे नाही. नवव्या क्रमांकाच्या लाइनवर २००९ पासून बिनचालकाची गाडी धावते. तंत्राला आपला विरोध नाही. पण वाट चुकलेल्या पाहुण्याला धीर देते ते माणूसच, यंत्राचा पडदा नव्हे. गाडीतला आणि फलाटावरचा माणूस कमी केला की हिशेबात बचत दिसते. प्रवाशाने काय गमावले, ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

कामगाराने या शहरात काय पाहावे? माझे उत्तर आहे, पारालेल मेट्रो स्थानकाबाहेरची तीन उंच धुरांडी. तिथे वीजनिर्मितीचा कारखाना होता. भांडवल कॅनडाचे, म्हणून लोक त्या कंपनीला ‘ला कानादिएन्से’ म्हणत. फेब्रुवारी १९१९ मध्ये कचेरीतील आठ जणांना कामावरून काढले, आणि त्यांच्यासाठी सुरू झालेला संप ४४ दिवस चालला. वीज बंद पडली, ट्राम जागच्या जागी थांबल्या, शहर अंधारात गेले. छापखान्यातील कामगारांनी संपाविरुद्धचा मजकूर छापायला नकार दिला. सरकारने संपवाल्यांवर लष्करी हुकूम बजावले आणि हजारोंना माँजुइक टेकडीवरच्या किल्ल्यात कोंडले. अखेर ३ एप्रिल १९१९ रोजी आठ तासांच्या दिवसाचा हुकूमनामा निघाला. आपल्या १९७४ च्या रेल्वे संपाच्या मागण्यांतही आठ तासांचा दिवस होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच पारालेल स्थानकातून टेकडीवर चढणारी दोरखंडाची रेल्वे निघते आणि तिलाही तेच तिकीट चालते. पुढे किल्ल्यापर्यंत १५० क्रमांकाची बस जाते आणि तीच बस खाली प्लासा एस्पान्या चौकात आणून सोडते. तिथे लास आरेनास या बैलझुंजीच्या जुन्या आखाड्यात आता दुकानांचे संकुल आहे. मार्च १९१९ मध्ये याच आखाड्यात कामगार नेते साल्वादोर सेगी यांनी हजारोंच्या सभेसमोर तडजोड मांडली होती. चार वर्षांनी भर रस्त्यात त्यांचा खून झाला. आठ तासांच्या दिवसाची किंमत कुणी मोजली, ते एका तिकिटात अर्ध्या दिवसात पाहून होते.

दुसरी कथा बस क्रमांक ४७ ची. तोर्रे बारो ही डोंगरउतारावरची कष्टकऱ्यांची वस्ती. बाहेरून पोटासाठी आलेल्या लोकांनी ती स्वतःच्या हातांनी उभी केली. रस्ते चढाचे आणि अरुंद, बस वर चढूच शकत नाही, असे प्रशासन सांगत राहिले. मानुएल विताल हे बसचालक त्याच वस्तीत राहत आणि संघटनेत काम करत. ७ मे १९७८ रोजी त्यांनी आपली ४७ क्रमांकाची बस ठरलेला मार्ग सोडून थेट वस्तीत नेऊन उभी केली. बस चढते, हे अर्ज-विनंत्यांनी सिद्ध झाले नव्हते. ते चालकाने स्टिअरिंग हातात धरून सिद्ध केले. २०२४ मध्ये या घटनेवर चित्रपटही निघाला. आज तोर्रे बारोच्या पायथ्याशी मेट्रो जाते. पाहुण्याने एकदा तरी तिथे जाऊन यावे.

पण पाहुण्याचाही धर्म असतो. पार्क ग्युएलला जाणारी ११६ क्रमांकाची छोटी बस ला सालुत भागातील रहिवाशांसाठी आहे. तीत पर्यटकांची एवढी गर्दी झाली की, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाय ठेवायला जागा उरेना. शेवटी २०२४ मध्ये हा मार्ग गुगलच्या नकाशातून काढून घ्यावा लागला. ओसरी दिली म्हणून हातपाय पसरू नयेत. लेसेप्स स्थानकावर उतरून पंधरा-वीस मिनिटे चालण्याने आपले काही झिजत नाही. तसेच तिथे संप असला, तर कपाळाला आठ्या घालू नयेत. संपकाळात किती गाड्या सोडायच्या, हे तिथे सरकार ठरवते आणि तसे आधी जाहीर होते. ते वाचावे, दोन तास आधी निघावे. सुट्टीवर असलेला कामगारसुद्धा कामगारच असतो.

आपल्या शाखांनी यातून एक गोष्ट उचलावी, असे मला वाटते. १९५१ मध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत बार्सिलोनाच्या ट्रामचे भाडे ५० सेंतिमोंवरून ७० वर नेले, तेव्हा लोकांनी ट्रामवर बहिष्कार टाकला आणि पायी चालून भाडेवाढ मागे घ्यायला लावली. हुकूमशाहीलाही प्रवाशापुढे नमावे लागले. तो प्रवासी आपल्या खिडकीसमोर रोज उभा असतो. त्याला नुसते गिऱ्हाईक समजून वागवायचे की साथी करून घ्यायचे, हे कोणी मंत्री ठरवणार नाही. आपली पुढची द्वारसभा फलाटाकडे पाठ करून घ्यायची की तोंड करून, यावर ते ठरणार आहे.