पुस्तक हाताला लागलं पाहिजे

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी तिथं ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तेव्हा सुमारे १५ हजार मराठी पुस्तकं एका इमारतीत कोंडली नाहीत. ती गावकऱ्यांच्या घरांत, देवळात, शाळेत अशी २५ ठिकाणी मांडली. या योजनेतलं सगळ्यात शहाणपणाचं हेच. चुलीवर आमटी उकळतेय आणि शेजारच्या खोलीत कपाट उघडं आहे, अशा घरात पुस्तकाला वेगळा मुहूर्त लागत नाही. आपल्याकडे मात्र पुस्तकं शोकेसच्या काचेआड, वरच्या फळीवर. सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचतो तो दिवाणावर पडलेल्या मोबाइलपर्यंत. मग ‘मुलं वाचत नाहीत’ ही तक्रार कुणाविरुद्ध करायची? खालचा एक कप्पा रिकामा करून तिथं पुस्तकं ठेवली, रात्री जेवणं आटोपल्यावर आजीनं किंवा बाबांनी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठ्यानं वाचला आणि त्याचा नायक बन्या ऐन संकटात सापडला की तिथंच थांबवला, तर उरलेलं प्रकरण मूल स्वतःच उघडतं. त्यासाठी पैसेही फारसे लागत नाहीत. बालभारतीनं १९७१मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. आईबाबांनो, आज रात्री त्यातली एक गोष्ट निवडा, टीव्ही बंद करा आणि मुलांना वाचून दाखवा.