चायनीज म्हणू नका

मी स्वभावाने भांडखोर नाही. (हे वाक्य आमच्या हिला वाचून दाखवलं, तर ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.) पण गेल्या पौषापासून माझं अख्ख्या गोंदियाशी भांडण चालू आहे आणि तेही एका शब्दावरून. शब्द आहे 'चायनीज'.

त्याचं असं झालं. आमचं एक रविवार मंडळ आहे. महिन्यातून एकदा बावीस माणसं कुणा एकाच्या घरी जमतात, राजकारण, मधुमेह आणि गैरहजर सभासद या तीन विषयांवर बोलतात आणि जेवतात. जेवणात वडाभात किंवा पाटोडीचा रस्सा. यापलीकडे मंडळाची मजल गेलेली नाही. पौषात माझी पाळी आली आणि मी जाहीर केलं, "या वेळी थुक्पा!"

मिनिटभर शांतता. मग गुरुजींनी विचारलं, "काही बरं वाटत नाही का?"

आता थुक्पा माझ्या डोक्यात कुठून शिरला ते सांगायला हवं. नोकरीतली काही वर्षं मी अर्जुनी मोरगावला काढली. तिथून पुढे गोठणगावच्या बाजूला प्रतापगड आहे. साताऱ्याकडचा नव्हे; अफझलखानाचा याच्याशी काही संबंध नाही. हा आमचा, महाशिवरात्रीच्या यात्रेचा, इटियाडोह धरणाच्या शेजारचा. तिथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची. त्या वेळी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली. म्हणजे ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो ते आपल्या जिल्ह्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी थोरले!

एवढ्या वर्षांत आपण त्यांच्याशी काय बोललो? "स्वेटर केवढ्याला?" आणि "वीस रुपये कमी करा." संपलं. त्यांच्या घरात काय शिजतं हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

मलाही वाटलं नसतं. पण एका पावसाळ्यात वसाहतीजवळ सायकल पंक्चर झाली आणि एका घराच्या ओसरीवर आसरा घ्यावा लागला. घरच्या बाईंनी काही न विचारता वाफाळता वाडगा पुढे ठेवला. त्या आमच्या आमाला. 'आमा' म्हणजे तिबेटीत आई आणि 'ला' आदराचा. देशावरच्या खेड्यात 'आमाला' म्हणजे आम्हाला; आमच्या झाडीत 'आमाले' म्हणतात, पण वाढून घेताना ला-ले कोण बघतो? "आमाला, वाढा" म्हटलं की दोन्ही भाषांत काम होतं.

तर मी आमालाला पाळीच्या आदल्या दिवशीच घरी घेऊन आलो. आता स्वेटर घेऊन फिरणं त्यांना झेपत नाही. येताना त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला होता. आमच्या हिने झाकण उघडलं आणि घाईने लावलं.

"या तर कुत्र्याच्या छत्र्या!"

कुत्र्याच्या नव्हेत, सात्या! पावसाळ्यात वारुळावर उगवतात, बाया पळसाच्या पानावर रचून रस्त्याकडेला विकायला बसतात आणि भाव ऐकून आपण पुढे सरकतो, त्याच. आमालाने त्या सुपात वाळवून ठेवल्या होत्या. (जंगलातली छत्री ओळखणाऱ्याच्या हातचीच खावी. माझ्यासारख्याने तोडून आणली तर जेवणाचं आमंत्रण आणि तेराव्याचं आमंत्रण एकाच कार्डावर छापावं लागेल.)

बावीस जणांना सव्वाशे ग्रॅम सात्या म्हणजे दिसायला मूठ-दोन मुठी. कोमट पाण्यात अर्धा तास टाकल्या की फुगतात. खरी गंमत त्या पाण्यात असते. ते फडक्यातून गाळायचं, तळाची माती तेवढी सोडायची आणि रश्शात ओतायचं. पहिल्या खेपेचं पाणी आमच्या हिने मातकट दिसतं म्हणून तुळशीला घातलं. तुळस त्या आठवड्यात फार टवटवीत होती.

जपानात इकेदा नावाच्या प्राध्यापकाने १९०८ साली समुद्री शेवाळातून एक चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी ती अजिनोमोटो नावाने बाजारात आली. गाडीवरचा पोरगा चमचाभर पांढरी पूड टाकतो ती हीच. वाळलेल्या छत्र्यांत त्याच जातीची चव असते, आणि ती फुकट. आमच्या मंडळातल्या माळकरी काकूंनी पहिल्या घोटालाच वाडगा खाली ठेवला. "यात मटण नाही ना रे?" नाही म्हटल्यावर उचलला, आणि अर्धा संपल्यावर पुन्हा विचारलं. पूर्ण संपल्यावर मात्र विचारलं नाही.

थुक्प्यातला आमालाचा आवडता प्रकार थेंथुक. कणकेच्या लांब पट्ट्या ओढायच्या आणि उकळत्या रश्शात बोटाने तुकडे तोडून टाकायचे. सव्वादोन किलो कणीक होती. आमची ही दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, या तर चिकोल्या. नुसतं वरण नाही यात," आणि पदर खोचून तोडायला बसली. दोघी बायका एका गंजावर वाकलेल्या, आणि दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही. तासभर बडबड थांबली नाही.

अशा पंगतीची एकच अडचण. रस्सा सकाळी करून ठेवता येतो, पण कणकेचे तुकडे माणसं बसल्यावरच सोडायचे; आधी सोडले तर खळ होते. आमचं मंडळ साडेबाराचं आमंत्रण म्हणजे पावणेदोन समजतं. आमाला कणीक झाकून शांत बसून होत्या. त्यांना वाट पाहायची सवय आहे.

शेवटी जेवणं सुरू झाली. भुरके वाजू लागले. आणि वकीलसाहेब वाडगा उंचावून म्हणाले, "वा! चायनीज मस्त जमलंय बाप्पा!"

आमाला हातात पळी घेऊन त्यांच्यासमोरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "चायनीज नाही, भाऊ. चायनीज आले म्हणून तर आम्ही इकडे आलो."

आवाज अजिबात चढला नव्हता. वर त्यांनी वकीलसाहेबांना आणखी एक पळी वाढली. १९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग जी माणसं बर्फातून चालत आली त्यात ही बाई होती, आईच्या पाठुंगळीला. पुढे आईबापांनी पहाडात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मग प्रतापगड, धानाची शेती आणि विदर्भाचा मे महिना. एवढं करून म्हातारपणी तिने रांधलेल्या अन्नाला नाव कुणाचं?

गुरुजींनी तरी वाद घातलाच. नूडल्स मुळात चिनीच ना? असतील. चीनमध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा नूडल्सचा वाडगा सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं, हे मला मान्य आहे. पण मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली म्हणून गुरुजी ठेच्याला 'अमेरिकन' म्हणतात का? आणि ज्याला ते गाडीवर चायनीज म्हणून मिटक्या मारत खातात ते मांचुरियन १९७५ साली मुंबईत जन्मल्याचं सांगतात, कोलकात्याच्या नेल्सन वाँग यांच्या हातून. ते पेइचिंगला मागून बघा!

प्रामाणिकपणे एक कबूल करतो. लांब शेवयांच्या थुक्प्याला तिबेटी लोक स्वतःच 'ग्याथुक' म्हणतात आणि त्यातला 'ग्या' चीनचा. गुरुजींना हे कळलं तेव्हा ते विजयी मुद्रेने हसले. मी आमालाला विचारलं. त्या म्हणाल्या, चीन तो 'ग्यानाक' आणि भारत तो 'ग्यागर'. म्हणजे त्यांच्या लेखी आपण दोघेही 'ग्या'च. पण त्यांनी कधी मला वकीलसाहेबांसमोर चिनी म्हटलेलं नाही.

भांडण अजून मिटलेलं नाही. परवा बाजारात वकीलसाहेब भेटले. म्हणाले, "पुढच्या पाळीला तुमचं ते, ते हे... काय ते..." जीभ 'चा'वर आली होती. मी टक लावून बघत उभा राहिलो. शेवटी कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "चिकोल्या."

हे मी तडजोड म्हणून स्वीकारलंय. आमालाला विचारायचं राहिलंय. आणि सात्यांचा उरलेला डबा घरात कुठे दिसत नाही. आमची ही म्हणते, तिला ठाऊक नाही.