मोतीबिंदू आणि पारपटलाचा आतला थर

एक वयोवृद्ध कापडव्यापारी आपल्या चिरंजीवांसह तपासणीस आले होते. त्यांची तक्रार जरा निराळी होती. सकाळी पेढीवर बसून खतावणी उघडली की आकडे धुक्यात बुडाल्यासारखे दिसत. दुपारी मात्र तेच आकडे बरेच स्पष्ट होत. घरच्यांनी मोतीबिंदूचे निदान आधीच करून ठेवले होते, आणि ते खोटेही नव्हते. परंतु मोतीबिंदू घड्याळ पाहून कमीजास्त होत नाही. सकाळी धूसर आणि दुपारी स्वच्छ, हे लक्षण पारपटलाकडे बोट दाखविते.

पारपटल म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. डोळ्यातील पाणी पारपटलात सतत झिरपत असते आणि या पेशी ते अखंड बाहेर उपसत असतात. म्हणून तो काचेसारखा राहतो. पेशी दुबळ्या झाल्या की रात्रभर मिटलेल्या पापणीखाली पाणी साचते आणि सकाळी दृष्टी धूसर होते. डोळे उघडे राहिल्यावर काही पाणी हवेत उडून जाते व दुपारपर्यंत उजळते.

बालपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये ३००० हून अधिक असलेल्या या पेशी उतारवयात २००० ते २५०० च्या आसपास राहतात. गेलेली पेशी पुन्हा निर्माण होत नाही. शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा झाकतात, इतकेच. हे असे भांडवल आहे की ज्यात केवळ खर्चच लिहिलेला आहे. संख्या ५०० च्या खाली घसरली की पारपटल सुजण्याचा, त्यावर वेदनादायक फोड येण्याचा धोका उभा राहतो. मग उपाय एकच, नेत्रदात्याकडून मिळालेला थर बसविणे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या थरापासून अवघ्या काही मिलिमीटरवर चालते. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात. तो मऊ असेल तर थोडी ऊर्जा पुरते. तपकिरी, कठीण झालेला असेल तर पुष्कळ लागते, आणि तिची झळ या पेशींना बसते. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला. आज तो नुकसानीचा आहे. आधी चातुर्मास, मग दिवाळीचा हंगाम, मग घरचे लग्न, असे करीत आपल्याकडे दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. अतिकठीण मोतीबिंदूसाठी ध्वनिलहरींऐवजी लहान छेदातून हाताने केलेली शस्त्रक्रिया अनेकदा अधिक हितकर ठरते. ती स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची समजू नये. महाग तेच उत्तम, हा समज पेढीवरही चुकीचाच असतो.

या पेशींना कवच म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात एक चिकट, पारदर्शक द्रव भरतात. तो कशापासून बनतो, असे आपले वाचक आवर्जून विचारतात, आणि विचारावेच. भारतात बहुप्रचलित असलेला एक प्रकार वनस्पतींच्या सेल्युलोजपासून तयार होतो. दुसरा, सोडियम हायलुरोनेट, आरंभी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आता तो जिवाणूंच्या किण्वनातूनही मिळतो. काहींत शार्कच्या कूर्चेतील घटक असतो. जिवाणूंचा प्रश्न उरतोच; तो ज्याने त्याने आपल्या विवेकाने सोडवावा. मात्र ही चौकशी तारीख ठरवितानाच करावी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. थर दुबळा असेल तर कोणता द्रव त्याला अधिक जपेल, हेही त्याच वेळी विचारावे.

पेशींची मोजणी करणारे यंत्र डोळ्याला स्पर्शही न करता काही मिनिटांत काम करते. पूर्वी डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांनी, मार लागलेल्यांनी, तसेच सकाळी धूसर दिसणाऱ्यांनी ती तपासणी अवश्य मागावी.

त्या आजोबांची संख्या ९०० च्या घरात निघाली. ‘‘दिवाळीनंतर केले तर चालेल ना?’’ त्यांनी विचारले. चिरंजीव म्हणाले, ‘‘बापूजी, दिवाळी आम्ही सांभाळू.’’ शस्त्रक्रिया भाद्रपदातच झाली. पुढे सुमारे तीन आठवडे सकाळचे धुके राहिले, मग ते विरळ होत गेले. दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली आहे.