उसन्या नावाचा डाव

त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांचे धाकटे बंधू आणि शिष्य ज्ञानेश्वर यांच्याकडे परंपरा मोक्षपट या खेळाचे श्रेय देते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि अखेरचे घर मोक्षाचे, अशी त्याची मांडणी. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेत पोहोचला आणि 'स्नेक्स अँड लॅडर्स' झाला. अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ मध्ये त्यातील सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या आणि 'शूट्स अँड लॅडर्स' या नावाने तो विकला. १९८४ मध्ये ही कंपनी हॅस्ब्रोने विकत घेतली. सापशिडी आजही कोणीही छापू शकतो. 'शूट्स अँड लॅडर्स' हे नाव मात्र हॅस्ब्रोच्या मालकीचे आहे. खेळ सर्वांचा आणि नाव एकाचे, हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय व्हिडिओ गेमच्या बाजारातील परवान्यांचे राजकारण उमगणार नाही.

याच हॅस्ब्रोच्या ताब्यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आहे. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यायची, एकाने सूत्रधार व्हायचे आणि अडल्या ठिकाणी फाशांनी निकाल द्यायचा, असे त्याचे स्वरूप. १९७४ मध्ये तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मूळ प्रकाशक टीएसआर कर्जात बुडाल्यावर १९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने ती कंपनी घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सच हॅस्ब्रोकडे गेली.

या खेळावर व्हिडिओ गेम काढू इच्छिणारा प्रकाशक नाव भाड्याने घेतो. अशा करारांत सहसा काही रक्कम आगाऊ द्यायची असते, पुढे विक्रीवर रॉयल्टी आणि या साऱ्याला मुदत असते. प्रकाशक सुस्थितीत असेल तर ही व्यवस्था दोघांच्याही हिताची ठरते. त्याची तिजोरी रिकामी होऊ लागली, की हाच करार गळ्यातला फास बनतो.

इंटरप्ले या अमेरिकी कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिने १९९८ मध्ये प्रकाशित केलेल्या 'बाल्डर्स गेट'ने या प्रकाराला नवे आयुष्य दिले. परंतु कंपनीचा तोटा वाढत गेला. 'नेव्हरविंटर नाइट्स' हा बायोवेअरचा पुढचा मोठा खेळ २००२ मध्ये आला तो इंटरप्लेच्या नव्हे, इन्फोग्राम्सच्या नावावर. २००३ मध्ये संगणकासाठी असे खेळ काढण्याचे हक्कही इंटरप्लेच्या हातून गेले. 'बाल्डर्स गेट'च्या तिसऱ्या भागाचे काम तेव्हा सुरू होते. ते थांबले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्लॅक आइल हा कंपनीचा नामांकित विभाग बंद झाला. खेळ तयार करणाऱ्यांच्या कौशल्यात खोट नव्हती. पायाखालची जमीनच भाड्याची होती.

पुढील अंक अटारीचा. हॅस्ब्रोचा व्हिडिओ गेम विभाग २००१ मध्ये फ्रान्सच्या इन्फोग्राम्सने घेतला आणि नंतर अटारी हे नाव धारण केले. २००५ मध्ये हॅस्ब्रोने आपल्या अनेक खेळण्यांचे डिजिटल हक्क ६ कोटी ५० लाख डॉलर मोजून परत घेतले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मात्र अटारीकडेच राहिला. अटारीची घडी विस्कटू लागल्यावर तिने युरोपातील वितरण जपानच्या नामको बंदाईकडे सोपवले. परवान्याचे हक्क परस्पर दुसऱ्याला दिले, असा आरोप करीत हॅस्ब्रोने २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. अटारीने आरोप नाकारले. २०११ मध्ये तडजोड होऊन हक्क हॅस्ब्रोकडे परतले. जानेवारी २०१३ मध्ये अटारीच्या अमेरिकी शाखेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी जूनमध्ये 'बाल्डर्स गेट'ची सुधारित आवृत्ती करारातील वादामुळे काही आठवडे विक्रीतून काढून घ्यावी लागली.

या दोन्ही प्रकरणांत अडचणीतील प्रकाशकाला परवाना ही विकता, गहाण टाकता किंवा पोटभाड्याने देता येण्याजोगी मालमत्ता वाटू लागली. मालकाच्या लेखी ती केवळ सवलत होती. या दोन समजुतींच्या कात्रीत सापडले ते खेळ घडवणारे तंत्रज्ञ आणि पैसे मोजणारा ग्राहक.

याउलट ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या 'बाल्डर्स गेट ३'चे यश पाहावे. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने तो स्वतःच घडवला आणि स्वतःच प्रकाशित केला. डबघाईला आलेला मध्यस्थ तेथे नव्हताच. हॅस्ब्रोला त्या वर्षी या परवान्यातून सुमारे ९ कोटी डॉलर मिळाले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे १,१०० नोकऱ्यांवर गदा आणली आणि पुढील वर्षी लॅरियनने ही मालिका पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर केला. सुदृढ निर्माता मिळाला तरी उसने नाव आयुष्यभर पुरत नाही, हाच याचा अर्थ.

महाराष्ट्राने याकडे परदेशातील गंमत म्हणून पाहून चालणार नाही. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०२४ मध्ये ब्रिटनमधील फ्यूजबॉक्स सुमारे २२८ कोटी रुपयांना घेतली. 'लव्ह आयलंड' या दूरचित्रवाणी मालिकेच्या नावावर खेळ काढणारी ही कंपनी. पाठोपाठ २०२५ मध्ये कर्व्ह गेम्स हा ब्रिटिश प्रकाशक सुमारे २४७ कोटींना आला. म्हणजे उसन्या नावांच्या व्यवहारात आता मराठी मुलखातील भांडवलही उतरले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणल्यानंतर देशी कंपन्यांचा ओढा अशा व्यवसायाकडे वाढल्यास नवल नाही.

दुसरी वाटही याच राज्यातून जाते. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' आणला. पचिशीच्या या वंशजासाठी कोणाचाही परवाना घ्यावा लागला नाही. अर्थात, लुडो कोणालाही काढता येतो. त्यामुळे स्पर्धाही मोकळी. नाव उसने घेतले तर गर्दीत ओळख आयती मिळते, हे नाकारता येणार नाही.

प्रश्न किमतीचा आहे. परवाना घेणाऱ्या येथील कंपन्यांनी मुदत संपल्यावर, मालकी बदलल्यावर किंवा दिवाळे निघाल्यावर अर्धवट खेळाचे आणि विकलेल्या प्रतींचे काय होणार, हे सही करण्यापूर्वी कागदावर आणले पाहिजे. इंटरप्ले आणि अटारीच्या पडझडीत सापाने गिळले ते खेळणाऱ्यांना आणि खेळ घडवणाऱ्यांना. पटाचा मालक मात्र प्रत्येक वेळी आपल्या घरात सुरक्षित राहिला.