अनंत शिक्षेचा हिशेब

‘त्यांचा देव एकच जन्म देतो आणि त्यात चुकलात की कायमचा जाळतो. आपल्याकडे निदान पुढचा जन्म तरी असतो.’ ख्रिस्ती परलोकविचाराचा हा निकाल सुरतेच्या पर्वत पाटियाला दहाव्या-तेराव्याच्या बैठकीत, गरुडपुराणाचा अध्याय संपल्यावर चहा येईपर्यंतच्या वेळात लागतो. निकाल देणारे बहुधा धुळे-जळगावकडून येऊन कापड मार्केटात स्थिरावलेले गृहस्थ असतात आणि बायबल त्यांनी उघडलेले नसते. तरी त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर असते, म्हणूनच ते खोडून काढायला हवे. साफ खोटे असते तर चहाबरोबर गिळून टाकता आले असते.

हा आक्षेप नवा नाही. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी तो विशीतच फार धारदारपणे मांडला होता. जॉन म्यूर यांच्या, ख्रिस्ती मताची बाजू मांडणाऱ्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी 1844-45 मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. जीवांना एकच जन्म, त्यात कुणी राजाच्या घरी तर कुणी भिकाऱ्याच्या, आणि शेवटी न संपणारी शिक्षा: अशा देवाला न्यायी कसे म्हणायचे, हा त्यांच्या हल्ल्याचा रोख होता. पुढे 1848 मध्ये हेच शास्त्रीबोवा बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले आणि ब्राह्मो मंडळींशी वाद घालताना त्याच शिक्षेचे समर्थन करू लागले. प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर पक्ष बदलून गेला नाही. तो होता तिथेच राहिला.

आता बैठकीतल्या मताचे खंडन. अनंत नरक ही परदेशी कल्पना आहे, हे पहिले गृहीतकच चुकीचे. मध्वाचार्यांच्या मतात काही जीव स्वभावतःच ‘तमोयोग्य’ असतात आणि त्यांना अंधतमस या नरकातून कधीच सुटका नाही. म्हणजे कायमची शिक्षा मानणारे आचार्य आपल्याच वेदान्तात आहेत. दुसरे असे की, सगळे ख्रिस्ती ‘मेल्या क्षणी सगळे संपले’ म्हणत नाहीत. वसईच्या ख्रिस्ती गावांत 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना केली जाते. सगळे तिथेच संपले असते तर प्रार्थना कशासाठी? तारण मिळालेल्या पण डाग उरलेल्या आत्म्यांची शुद्धी मरणानंतरही होत असते, असे कॅथलिक परंपरा मानते. सुरतेला हे ठाऊक नसते, त्याला कारण आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1815 पासून इथे आले ते प्रॉटेस्टंट होते आणि मृतांच्या शुद्धीची ही पायरी त्यांच्या पंथाने काढून टाकली होती. आपण ज्याला सरसकट ‘ख्रिस्ती मत’ म्हणतो ती त्यांच्या छापखान्यातून आलेली एक आवृत्ती आहे.

तिसरी गोष्ट बैठकीत कुणाला आवडत नाही. कर्मसिद्धांत न्याय्य आहे तो दुरून. पावसाळ्यात मिठी खाडी फुगते आणि लिंबायत-पर्वतच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. ज्याची शिवणयंत्रे आणि साड्यांचे गठ्ठे भिजले त्याला ‘पूर्वजन्मीचे’ म्हणून सांगणारा माणूस शेजाऱ्याच्या दुःखालाच आरोपपत्र करतो. पुढचा जन्म मिळण्याची मोकळीक त्याने या जन्मीच्या पीडिताला दोषी ठरवून विकत घेतलेली असते.

तेव्हा आपली बाजू वरचढ, हा दावा टिकत नाही. पण म्हणून समोरची बाजू टिकते असेही नाही. ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या पुस्तकात अनंत शिक्षेची तरफदारी केली आणि ती सौम्य करू पाहणाऱ्या कनवाळू ख्रिस्ती लोकांना टोमणे मारले. पुढे थॉमस अक्वायनसने युक्तिवाद पक्का केला: अपराध किती मोठा हे ज्याचा अपराध केला त्याच्या मोठेपणावर ठरते, देव अनंत आहे, म्हणून त्याच्याविरुद्धच्या पापाची शिक्षाही अनंत. हे तर्कशास्त्र सुरतेच्या रिंग रोडवरच्या कुठल्याही कापड मार्केटात चालणार नाही. शंभर साड्या उधार नेल्या तर देणे शंभर साड्यांचेच. शेठ लखपती की करोडपती यावर ते वाढत नाही. शिवाय ज्याचे मोठेपण अनंत, त्याचे आपण नुकसान तरी किती करू शकतो? खरे नुकसान होते ते माणसांचे आणि त्याला माप असते. कमी फटके आणि जास्त फटके असा भेद लूकच्या शुभवर्तमानातला येशूच करतो. अक्वायनसही शिक्षेच्या तीव्रतेत पायऱ्या मानतो, पण कालावधी सगळ्यांना तोच अनंत. पायऱ्या मान्य केल्यावर कालावधीलाच त्यांतून सूट का, याचे पटणारे उत्तर मला त्याच्याकडे सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा वाद इंग्लंडच्या चर्चला आतून फोडत होता. 1853 मध्ये एफ. डी. मॉरिस यांना या मुद्द्यावरून लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापकपद गमवावे लागले. 1864 मध्ये असेच दुसरे एक प्रकरण चक्क प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि शेवटी सगळ्यांची सुटका होईल अशी आशा बाळगणे हा चर्चच्या नियमांचा भंग नाही असे ठरले. त्याविरुद्ध सुमारे 11,000 पाद्र्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नरक वाचवण्यासाठी इतक्या सह्या! मग 1877 च्या अखेरीस एफ. डब्ल्यू. फरार यांनी वेस्टमिन्स्टर अॅबेत प्रवचने देऊन अनंत यातनांच्या शिकवणीवर उघड हल्ला केला. हे फरार जन्माने मुंबईचे, 1831 चे, मिशनऱ्याचे चिरंजीव.

त्यांची प्रवचने पुस्तकरूपाने आली 1878 मध्ये. त्याच वर्षी लंडनमध्ये एका ‘हिंदू गृहस्था’चे स्वीडनबोर्गवरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. गृहस्थ म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर. शाळेत व्याकरण शिकलेल्या मराठी माणसाला त्यांचे नाव माहीत असते. त्यांनी परलोकावर लिहिले हे मात्र व्याकरणाच्या ओझ्याखाली दबून गेले. आणि हा माणूस सुरतेचा, निदान काही वर्षे तरी. 1840 च्या दशकात ते इथल्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. पर्वत तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. 22 जून 1844 रोजी दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली. एका बाजूला मिशनऱ्यांचा नरक, दुसऱ्या बाजूला भुताखेतांची आणि मंत्रतंत्राची भीती. त्या सभेला दोन्हींशी झुंजायचे होते.

स्वीडनबोर्गमध्ये दादोबांना इतके काय गवसले? स्वीडनचा हा खाणतज्ज्ञ आपण परलोक डोळ्यांनी पाहिला असे म्हणे, आणि शेवटचा न्याय 1757 मध्ये उरकला असेही सांगे. तो भाग मी बाजूला ठेवतो. पण 1758 च्या ‘स्वर्ग आणि नरक’ या ग्रंथातला त्याचा विचार बाजूला ठेवण्यासारखा नाही. देव कुणालाही नरकात टाकत नाही, असे तो म्हणतो. मेल्यावर माणसाचा वरचा मुलामा हळूहळू गळतो, आयुष्यभर त्याने ज्यावर खरे प्रेम केले ते उघडे पडते, आणि तो आपल्यासारख्यांच्या संगतीत आपण होऊन जातो. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेला माणूस सचोटीने आणि दयेने जगला असेल तर त्याला स्वर्ग बंद नाही. धर्म न बदलता ज्याला ख्रिस्ती विचारातले उत्तम ते घ्यायचे होते, अशा हिंदूला ही वाट आपली वाटली असणार, असा माझा तर्क आहे. इथे न्याय म्हणजे बाहेरून ठोठावलेली सजा राहत नाही. कर्माचे फळ कर्मातूनच निघावे, तसा तो माणसातूनच निघतो.

अनंत शिक्षेच्या सगळ्या समर्थनांत हे सर्वांत तगडे. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइसने विसाव्या शतकात तेच नव्या थाटात मांडले. तरीही त्यात एक भोक आहे. मरणानंतर माणसाचे मूळ प्रेम पुन्हा कधीच बदलत नाही, असे स्वीडनबोर्ग ठामपणे सांगतो. का नाही? देह गळल्याने समज वाढते म्हणता, मुलामा उतरतो म्हणता, मग नेमकी पश्चात्तापाची शक्तीच तेवढी तिथे कशी मरते? आणि ज्याला ‘निवड’ म्हणायचे ती किती त्याची? मारहाणीत वाढलेला पोरगा पुढे मारकुटा होतो, तेव्हा त्याच्या वागण्यातले किती त्याचे आणि किती त्याच्यावर लादलेले, हे वेगळे केल्याशिवाय त्याला त्याच्या संगतीवर सोडून देणे म्हणजे न्यायाधीशाने खुर्ची सोडून जाणे होय. आयुष्यभर शाळेत राबलेल्या दादोबांना, आता हा विद्यार्थी कधीच शिकणार नाही, हे वाक्य मनोमन पटले असेल असे मला वाटत नाही.

याचा अर्थ न्यायच नको असा मात्र नाही. हल्ली ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोघांतही एक गुळगुळीत मत चालते: देव प्रेमळ आहे, शेवटी सगळे सुटतात, कशाला तो न्यायाचा विषय. या मताला पीडित माणूस दिसत नाही. खाडीच्या पात्रात भराव घालून पैसा करणारा आणि त्या भरावामुळे ज्याच्या घरात पाणी शिरले तो, दोघांना एकाच पंगतीला बसवून आधी काय घडले त्याचा उच्चारही करायचा नाही, ही क्षमा कुणाच्या जिवावर? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला राजा पंथ विचारत नाही. भुकेल्याला जेवू घातलेस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढेच तो विचारतो. विचारतो हे महत्त्वाचे. पीडिताचे म्हणणे ऐकले जाईल, अपराध्याला ते ऐकावे लागेल, पळवाट नसेल: न्यायाच्या दिवसाचा हा गाभा मी मान्य करतो आणि यमदूतांच्या फटक्यांपेक्षा तो कठोर मानतो.

मान्य नाही ते त्यापुढचे कुलूप. चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीने ही आग शुद्ध करणारी मानली, संपणारी मानली. शेवटी सगळे सुटतील असे म्हणणाऱ्या, ओरिजेन या आधीच्या धर्मपंडिताच्या नावावर चालणाऱ्या मतांचा 553 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात धिक्कार झाला. पण ग्रेगरीचे संतपद कुणी काढून घेतले नाही. म्हणजे ही आशा ख्रिस्ती घरातलीच आहे.

यावर सनातनी ख्रिस्ती आणि बैठकीतले गृहस्थ एका सुरात विचारतील: शेवट खुला ठेवला तर भीती कुणाला उरेल? भीती उरेल ती आपण ज्याला बुडवले त्याच्यासमोर, सगळे जाणणाऱ्याच्या साक्षीने उभे राहण्याची, आणि त्याने ‘झाले’ म्हणेपर्यंत तिथून न हलण्याची. ते किती काळ चालेल हे समोरच्याच्या जखमेवर ठरेल. दोन्ही पक्षांतल्या कुणाला ही शिक्षा हलकी वाटत असेल, तर त्याने आपण बुडवलेल्या एखाद्या जुन्या घेणेकऱ्याच्या दारात आज संध्याकाळी जाऊन पाहावे.