कुऱ्हाडीचे पाणी आणि आजचे पोलाद

रब्बीची रास घरी आली की हिंगोली जिल्ह्यात बांधावरील बाभळी छाटण्यास व खोडे फोडण्यास प्रारंभ होतो. त्याच सुमारास गावच्या लोहाराकडे, अथवा रस्त्याकडेला भाता मांडून बसलेल्या घिसाड्याकडे, कुऱ्हाडी घडविण्यासाठी गर्दी होते. नवी कुऱ्हाड चार दिवस चालते. मग कोणाची धार वळते, तर कोणाच्या धारेचा टवका उडतो. असा टवका डोळ्यात गेल्यास माणूस जन्माचा अधू होतो. शेतकरी लोहाराला दोष देऊन मोकळा होतो. वस्तुतः लोहाराचा हात पूर्वीइतकाच कुशल आहे. बदलले आहे ते पोलाद.

पूर्वी मऊ लोखंडाच्या अंगाला साध्या पोलादाची धार बसवीत. अशा पोलादात कर्बाखेरीज इतर धातूंचा अंश अल्प असे. ते लाल करून पाण्यात बुडविले म्हणजेच कडक होई. म्हणूनच या क्रियेस ‘पाणी पाजणे’ हे नाव पडले आणि त्या पोलादापुरते ते सर्वथा योग्य होते. निर्मळजवळच्या कोनासमुद्रमचे पोलाद घेण्यासाठी एके काळी इराणचे व्यापारी येत. हिंगोली आणि ते गाव तेव्हा एकाच निजामी मुलुखात होते.

आज भात्याजवळ येते ते मालमोटारीच्या कमानीचे मोडके पाटे. यात कर्ब साधारणतः अर्धा ते पाऊण टक्का असून शिवाय सिलिकॉन व मँगनीज किंवा क्रोमियम मिसळलेले असते. कुऱ्हाडीस हे पोलाद उत्तम आहे. परंतु मिश्रधातूंमुळे ते सावकाश निवले तरी कडक होते. त्याला तेलाचा गारवा पुरतो. तेच लालभडक पाते थंड पाण्याच्या पिंपात टाकले, तर बाहेरचा थर एकदम आवळून कडक होतो, आतला भाग मागाहून फुगतो आणि केसाएवढी चीर पडते. ती दिसत नाही. बाभळीच्या गाठीवर घाव बसला की दिसते!

बांधकामाच्या सळईचे हत्यार याच्या उलट फसवे असते. तिच्यात कर्ब कमी. कारखान्यात वरच्या थरास दिलेली कठीणता भट्टीत नाहीशी होते आणि पुन्हा पाणी पाजूनही धार धरत नाही. पहार करावी, कुऱ्हाड करू नये.

पाटा निवडताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाळावा, कारण वापराच्या चिरा बहुधा तेथून निघतात. पोलादाची जात ठाऊक नसल्यास बोटभर तुकडा तापवून तेलात बुडवावा व शेगड्यात धरून हातोड्याने मोडावा. वाकला तर माल निरुपयोगी. कट्कन मोडून आत बारीक, राखी कण दिसले तर माल चांगला.

घडाई झाल्यावर पाते एकदा लाल करून हवेत निवू द्यावे. त्याने घणाचे ताण निघून जातात. नंतर धारेकडील दोन-तीन इंचच तापवावे. नेढे मऊच राहिले पाहिजे. रंग ओळखण्यासाठी काम सावलीत करावे, कारण उन्हात लाल रंग फसवितो. लोहचुंबक लागेनासे झाले, म्हणजे उष्णता सुमारे ७७० अंशांवर गेली. त्याहून किंचित उजळ रंग येताच धार कोमट खाद्यतेलात बुडवावी. तेलाच्या भांड्याला झाकण जवळ असावे. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये.

एवढ्यावर काम संपले असे समजणे ही दुसरी चूक होय. या अवस्थेतील धार काचेसारखी असते. कानस तिच्यावरून घसरते. पाते दगडावर घासून चकचकीत करावे व नेढ्याकडून हळूहळू शेकावे. पृष्ठावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग धारेकडे सरकत येतो. जांभळा रंग धारेपर्यंत पोचला की थांबावे. याच दुसऱ्या शेकाने कुऱ्हाडीत चिवटपणा येतो, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो.

घाई कोणाची? बलुत्याच्या काळी लोहाराला वर्षभराचे धान्य मिळे. हत्यार मोडले तर दुरुस्तीही त्यालाच करावी लागे. आता नगाप्रमाणे पैसे मिळतात आणि शेतकरी दारात उभा असतो. अर्धा तास अधिक लावणाऱ्या कारागिराला चार पैसे जास्त देण्यास जो तयार नाही, त्याने टवक्याची तक्रार करू नये, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे-खतांच्या बैठकीत लोहारालाही बोलवावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहारांचा समावेश आहे; तीत प्रशिक्षण आणि हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. नोंदणीचे कागद जुळविण्यास त्याला मदत करावी. तेलाचे एक भांडे, एक लोहचुंबक व एक चांगली कानस एवढी सामग्री तर गावातही जमते. प्रयोगासाठी प्रथम एखादे जुने खुरपे घ्यावे. बिघडले तरी नुकसान थोडे.